अण्णांचं कार्ड अण्णांच्याच खिशात राहू दे

पत्र : मावशी, नमस्कार. मी उदगीर तालुक्यातली. इंजिनिअरिंग लातूरला झालं. आता जर्मनीत दोन वर्षांच्या मास्टर्सला नंबर लागलाय, सप्टेंबरअखेर निघायचंय. कर्ज मंजूर झालं, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (व्हिसासाठी वर्षभराचा राहण्याचा खर्च आधीच ज्यात ठेवावा लागतो त्या खात्यात) ११,९०४ युरो भरले, व्हिसाही आला. आता घरात रोज एकच चर्चा : वरचे पैसे न्यायचे कसे? अण्णा म्हणतात, माझं एटीएम कार्ड घेऊन जा, पिन सांगतो, लागतील तसे काढ. मामा म्हणतात, कार्डाच्या भानगडीत पडू नको, रोख ने. मैत्रीण म्हणते, क्रेडिट कार्ड काढ. आमच्या ग्रुपवरचा एक सीनियर म्हणतो, अण्णांनी त्याच्या वडिलांच्या खात्यात रुपये टाकायचे आणि तो मला तिकडे युरो देईल, बँकेपेक्षा चांगला भाव पडतो. आणि आजीने गाठीचे दहा हजार रुपये हातात ठेवलेत, ते तिथे चालतील का? कुणाचं ऐकू?

उत्तर :

पोरी, आजीचा प्रश्न मला सगळ्यांत आवडला. त्याचं उत्तर शेवटी देते, कारण तेवढा एकच सोपा आहे.

अण्णांचं कार्ड नेऊ नकोस. त्यांची माया कळते मला. बँकेच्या काउंटरवर एकतीस वर्षं काढली. लेकरांच्या शिक्षणासाठी पासबुकातला शेवटचा रुपया काढणारे कितीतरी बाप समोर उभे राहिलेले पाहिलेत. पण त्यांचं कार्ड जिल्हा बँकेचं साधं रूपे कार्ड असेल तर ते देशाबाहेर चालायचंच नाही. दुसऱ्या बँकेचं, व्हिसा किंवा मास्टरकार्डचं असलं, तरी मार्च २०२० पासून दिलेलं कार्ड रिझर्व्ह बँकेच्या नियमाने फक्त देशातल्या वापरापुरतं चालू असतं. परदेशातला वापर ज्याचं कार्ड त्याने स्वतः चालू करून घ्यायचा. तेही केलं समजा. पण पिन दुसऱ्याला सांगितला आणि खात्यातून पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाच्या माथी बसतं. बाप-लेकीत कसलं दुसरेपण, असं म्हणशील. बँकेच्या फॉर्मवर तसा रकाना नसतो गं.

आणि त्या खात्यात काय काय येतं ते आठव. पीएम किसानचे दोन हजार, पीक विमा, अतिवृष्टीचं अनुदान, आडतीवरची पट्टी. सगळं घर त्या एका खात्यावर चालतं. त्याची किल्ली तुझ्या पर्समध्ये, परक्या गावच्या ट्राममध्ये फिरायला नको.

तुझ्या मैत्रिणीचं क्रेडिट कार्ड ऐकून अण्णा कदाचित म्हणतील, आपल्याकडे आहे की किसान क्रेडिट कार्ड. हसू नकोस, माझ्याकडे असं विचारायला खरोखर लोक आलेत. त्या पीककर्जाला तर बिलकुल हात लावू द्यायचा नाही. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत भरलं तर पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ते आपल्याकडे बिनव्याजी पडतं. एकदा का तारीख चुकली की ती सवलत गेली. तुझ्या खर्चापायी बी-भरणाचा पैसा अडकला तर खरिपाला अण्णांना पुन्हा आडत्याकडे उचल मागायला जावं लागेल.

आता मुद्द्याचं बोलते. तुझ्याकडे पैसा आहे. बारा लाखांच्या घरातली रक्कम जर्मनीत जाऊन पडलीय. पण पैसा असणं आणि तो हवा तेव्हा हाताला लागणं या दोन गोष्टी वेगळ्या, आणि हे शेतकऱ्याच्या लेकीला मी काय सांगावं? रास झाली, माल आडतीवर पडला, काटा झाला, पट्टीही लिहून झाली. पण दुकानदाराची उधारी मात्र आजच भागवायची असते. तिकडे पहिल्या महिन्यात तुझं नेमकं हेच होणार आहे.

ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे तू विमानातून उतरलीस म्हणून लगेच मिळत नाहीत. ते दर महिन्याला ९९२ युरो असे सुटतात, आणि सुटतात ते तुझ्या तिथल्या चालू खात्यात. चालू खातं उघडायला बहुतेक बँका पत्त्याच्या नोंदणीचा कागद मागतात. त्या नोंदणीला तिकडे आनमेल्डुंग म्हणतात. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असा कायदा आहे, पण मोठ्या शहरात नगरपालिकेची वेळच कधी कधी त्यापुढची मिळते. आणि नोंदणीला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, म्हणजे आधी घर हवं. घराला अनामत हवी, कायद्याने ती भाड्याच्या तिपटीपर्यंत मागता येते. (वीज-पाणी-हीटिंग सोडून जे मूळ भाडं असतं, त्याच्या तिप्पट.) तर घर, मग कागद, मग खातं, मग ९९२. या साखळीत तीन-चार आठवडे सहज जातात, आणि पैसे भरलेले असूनही तेवढे दिवस तू रिकाम्या हाताची.

म्हणून ब्लॉक्ड अकाउंटच्या बाहेर, उतरल्या दिवसापासून तुझ्या हाताशी दीड ते दोन हजार युरो असावेत असं माझं मत आहे. होस्टेल आधीच पक्कं झालं असेल तर दीड हजारात भागेल. यातला बराचसा भाग फॉरेक्स कार्डावर. हे कार्ड म्हणजे भारतात रुपये देऊन आधीच युरो भरून ठेवलेलं कार्ड. ज्या दिवशी भरलं त्या दिवशीचा भाव पक्का होतो, आणि तिकडे युरोत खर्च करताना पुन्हा भावाचा फटका बसत नाही. एटीएममधून काढताना मात्र दर वेळी फी लागते, तेव्हा वीस-वीस युरो काढत बसू नकोस.

मामांचंही थोडं ऐक, सगळं नको. अडीचशे-तीनशे युरो रोख असू देत, त्याही दहा, वीस आणि पन्नासच्या नोटा. जर्मनीत अजूनही कितीतरी बेकऱ्या आणि छोटी दुकानं फक्त रोख घेतात. त्यात रविवारी दुकानं बंद असतात. शनिवारी रात्री पोहोचलीस तर स्टेशनवरचं एखादं दुकान सोडून काही उघडं सापडायचं नाही. नियमाप्रमाणे एका प्रवासात ३,००० डॉलरच्या मोलापर्यंतच्या परकी नोटा नेता येतात, पण नेता येतात म्हणून न्यायच्या नसतात. रोख हरवली की हरवली. कार्ड हरवलं तर निदान बंद करता येतं.

आणि कार्डं दोन हवीत, दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेली. हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझा मुलगा शिकायला गेला तेव्हा मी बँकेतली असूनही त्याला एकच कार्ड देऊन पाठवलं होतं. दुसऱ्याच दिवशी त्याने गादी, कुकर, रजई असं सामान घ्यायला एका दुकानात तीनदा कार्ड लावलं. इकडे बँकेच्या यंत्रणेला वाटलं, कुणीतरी कार्ड चोरलं. कार्ड बंद. ते पुन्हा चालू करायचा ओटीपी येणार माझ्या फोनवर, कारण तोच नंबर जोडलेला. आणि मी त्या वेळी परभणीला भाचीच्या लग्नात. फोन पर्समध्ये, पर्स खोलीत, खोलीला कुलूप आणि किल्ली वरमायकडे. लेकराने दोन दिवस मित्राच्या उसन्या पैशांवर काढले आणि मला आजतागायत ऐकवतो.

त्यातून दोन गोष्टी शिकले. तुझ्या खात्याला तुझाच भारतातला नंबर जोडलेला हवा, आणि ते सिम जिवंत हवं. निघण्याआधी त्यावर इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घे, म्हणजे तिकडे एसएमएस येतील. मोबाइल डेटा मात्र त्या सिमचा बंद ठेव, नाहीतर पहिल्याच दिवशी रिचार्ज उडेल. दर महिन्या-दोन महिन्यांनी छोटा रिचार्ज अण्णांनी करायचा. सिम बरेच दिवस वापराविना पडलं तर कंपनी नंबर काढून घेते, आणि मग बँकेचा ओटीपी तिसऱ्याच्याच फोनवर वाजतो. जर्मन नंबरवर आपलं यूपीआय चालत नाही, तेव्हा फोनपे-गुगलपेवर तिकडे भिस्त ठेवू नकोस.

दुसरं कार्ड कोणतं? तुझ्याच नावाचं डेबिट कार्ड चालेल, परदेशी वापर चालू करून आणि मर्यादा घालून. क्रेडिट कार्ड हवंच असेल तर पगार नसलेल्याला बँका मुदत ठेवीवर देतात; चाळीस-पन्नास हजारांची ठेव ठेवून एक काढून घे आणि बॅगेच्या तळाशी ठेव. दवाखाना, विमानाचं तिकीट, अशाच कामाला ते बाहेर काढायचं. भारतीय कार्डावर परदेशात खर्च केला की बँक दोन ते साडेतीन टक्के वरचे लावते, त्यावर पुन्हा जीएसटी. क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख तर कधीच काढू नकोस, फी वेगळी आणि व्याज त्याच दिवसापासून. पन्नास दिवसांची सवलत खरेदीला असते, रोखीला नाही. हे ठाऊक नसल्याने अडकलेली कितीतरी पोरं माझ्यासमोर रडलीत.

एक फसवं बटण तेवढं ओळखून ठेव. दुकानातलं किंवा एटीएमचं मशीन तुझं कार्ड भारतीय आहे हे ओळखतं आणि मोठ्या आपुलकीने विचारतं, रुपयांत भरायचं की युरोत? आपलं मन रुपयाकडे ओढतं. दर वेळी युरोच दाब. रुपया दाबलास तर भाव तुझी बँक नाही, समोरचं मशीन ठरवतं, आणि तो भाव तुझ्या सोयीचा नसतो.

आता त्या सीनियरचं. इथे मी जरा कडक बोलणार आहे.

तो पोरगा वाईट असेल असं माझं म्हणणं नाही. त्याने तिकडे काम करून चार पैसे मिळवले असतील, घरी पाठवायचे असतील, आणि बँकेची फी दोघांची वाचावी एवढाच त्याचा हिशेब असेल. पण तू इकडे रुपये दे, मी तिकडे युरो देतो, सीमा ओलांडून काहीच गेलं नाही, यालाच तर हवाला म्हणतात. रक्कम लहान म्हणून नाव बदलत नाही. परकी चलनाच्या कायद्यात, म्हणजे फेमात, यासाठी गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड आहे. आणि तो अण्णांच्या नावावर लागेल, ज्यांनी आयुष्यात ग्रामपंचायतीची घरपट्टीसुद्धा थकवली नसेल.

दंड राहू दे बाजूला. त्याचे युरो कुठून आले हे तुला ठाऊक आहे का? पार्ट टाइमच्या पगाराचे असतील. पण कुणाला तरी फसवून काढलेला पैसा विद्यार्थ्यांच्या खात्यांतून फिरवायचा, हा तिकडे चालणारा मोठा धंदा आहे. तसला पैसा तुझ्या नव्याकोऱ्या खात्यात आला तर बँक खातं बंद करते, पोलीस विचारायला येतात, आणि व्हिसावर आलेल्या मुलीला ते महागात पडतं. पुढे तू कमवायला लागलीस आणि हाच व्यवहार उलटा केलास, तर कुणीतरी अनोळखी माणूस अण्णांच्या खात्यात रुपये टाकेल. त्या रुपयांच्या मागे सायबर गुन्हा निघाला की कुठल्या तरी दूरच्या राज्यातल्या पोलिसांच्या एका पत्रावर अण्णांचं खातं गोठतं. पट्टी अडकली, अनुदान अडकलं, आणि ते सोडवायला अण्णा कुठे फिरणार? मी अशी गोठलेली खाती पाहिली आहेत. खातेदार रोज शाखेत यायचे आणि रोज आम्ही तेच उत्तर द्यायचो. त्या सीनियरला प्रेमाने नाही म्हण. कारण विचारलं तर म्हण, आमच्या अण्णांना जमत नाही.

घरून पैसे यायचे तर सरळ रस्त्याने. परकी चलनाचा परवाना असलेल्या बँकेतून, अण्णांच्या पॅनवर, शिक्षणाचा खर्च असं कारण लिहून. तालुक्याच्या शाखेत हे काम रोज होत नाही, फॉर्म शोधण्यातच दिवस जातो. अण्णांना सांग, आठ दिवस आधी लातूरच्या मोठ्या शाखेत चौकशी करा. एका आर्थिक वर्षात दहा लाखांपर्यंत पाठवलं तर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवताना बँक आगाऊ कापते तो कर, कापला जात नाही, आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर एप्रिल २०२५ पासून तो अजिबात नाही. कधी कापला गेलाच, तर आम्ही शेतकरी, आमचा कसला इन्कम टॅक्स, असं म्हणून गप्प बसायचं नाही. रिटर्न भरलं की ते पैसे परत मिळतात. परदेशी जाताना तुझं स्वतःचं बचत खातं एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयाचं खातं, करून घ्यायला बँकेला अर्ज दे, हेही त्याच फेरीत उरकेल.

तिकडे बस्तान बसल्यावर महिन्याचं गणित असं पडेल. ९९२ मधून होस्टेलचं भाडं, आरोग्य विम्याचे जवळपास दीडशे, फोन. घरटी १८.३६ युरो रेडिओ-टीव्हीची पट्टी येते, घरात टीव्ही नसला तरी. चौघी राहत असाल तर चौघींत वाटून घ्या, चार वेगळ्या भरू नका. भाडं आणि विमा बहुधा तुझ्या खात्यातून आपोआप ओढले जातात. महिन्याच्या एक-दोन तारखेला भाडं ओढलं आणि ९९२ चार तारखेला आले, तर व्यवहार परत जातो आणि वर दंड. पुन्हा तेच, पैसा आहे पण वेळेवर नाही. म्हणून एका महिन्याचं भाडं खात्यात कायम पडून राहू दे. ते पैसे आपले नाहीतच असं समज, जसं आपण बियाण्याचं पोतं दळणाला काढत नाही.

काम करायची परवानगी वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस आहे. पहिल्या सहा महिन्यांत मात्र ती कमाई हिशेबात धरू नकोस. आधी भाषा, मग काम.

आणि प्रत्येक गोष्टीचे रुपये करत बसू नकोस. दोन युरोची कोबी म्हणजे दोनशे रुपये, असं करत गेलीस तर तू जेवणारच नाहीस. माझा मुलगा पहिला महिना ब्रेड आणि लोणच्यावर राहिला, घरी सांगितलं नाही. रुपये करायचे ते मोठ्या खर्चाला, फोन घेताना, फिरायला जाताना. पोटाला युरोतच खाऊ दे.

एक गोष्ट घरात आत्ताच बोलून ठेव, कारण मला शंका आहे की अण्णांना वाटतंय, ब्लॉक्ड अकाउंट एकदाच भरायचं होतं. तुझा कोर्स दोन वर्षांचा. राहण्याचा परवाना वाढवायला गेलीस की पुढच्या काळाचा पैसा कुठे आहे, हे पुन्हा दाखवावं लागतं. कर्जाच्या मंजुरीत दुसऱ्या वर्षाची रक्कम आहे का, आणि ती कोणत्या महिन्यात सुटणार, हे निघण्याआधी बँकेकडून लिहून घे. युरोचा भाव शंभराचा एकशे आठ झाला तर ११,९०४ युरोंना पंचाण्णव हजार रुपये जास्त लागतात. अण्णांना हे भाषांतर करून सांगायची गरज नाही, क्विंटलमागे भाव हलला की काय होतं ते त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं. फक्त ते जुलैत कळायला नको, पेरणीचा खर्च करून हात रिकामे झालेले असताना.

घर शोधताना घरमालक परगावी आहे, अनामत आधी पाठव, किल्ली पोस्टाने येईल, असं कुणी म्हटलं तर तिथेच थांब. तिथलं कार्ड हरवलं तर ११६ ११६ या नंबरवर बंद होतं. इकडच्या कार्डासाठी बँकेचा परदेशातून लागणारा नंबर कागदावर लिहून ठेव, फोनमध्ये नको. फोनही त्याच पर्समध्ये असतो. आपल्या कार्डावर न केलेला व्यवहार दिसला तर तीन कामाच्या दिवसांच्या आत बँकेला कळव. चूक तुझीही नसेल आणि बँकेचीही नसेल, तरी तेवढ्यात कळवल्यास तुला भुर्दंड बसत नाही.

अण्णांना दर रविवारी फोन करशील तेव्हा खात्यात किती उरले तो आकडा सांगत जा. खर्चाची यादी नको, त्यांना ती कळणार नाही आणि तुझाही जीव कातावेल. एक आकडा पुरे. कमी असला तरी तोच सांग.

आता आजीचे दहा हजार. भारतातून जाताना पंचवीस हजारांपर्यंत रुपये जवळ ठेवता येतात, तेव्हा नियमाची अडचण नाही. तिथे मात्र ते कुठल्याच दुकानात चालायचे नाहीत, आणि बदलून घ्यायला गेलीस तर भाव ऐकून आजीला वाईट वाटेल. त्यातले नऊ हजार अण्णांकडे दे, तुझ्या सिमच्या रिचार्जला दोन वर्षं पुरून उरतील. पाचशेच्या दोन नोटा पासपोर्टच्या कव्हरमध्ये घालून ने. परत येताना हैदराबादला उतरशील तेव्हा कार्ड चालो न चालो, स्टेशनपर्यंत बस, एक चहा आणि बिदरमार्गे उदगीरचं तिकीट एवढं त्यात व्हायला हरकत नाही.